शून्य तासांपासून एकाच घरात: नवा घेतलेला ट्रॅक्टर तीस-चाळीस वर्षं कसा चालवायचा

आमच्या घरात दोन ट्रॅक्टर आहेत आणि दोन्ही आम्हीच नवे घेतलेले. एक १९८९चा, तीन सिलिंडरचा, ३५ अश्वशक्तीचा. दुसरा २००७चा, ५० अश्वशक्तीचा, टर्बोवाला (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारी चक्की असलेला). जुन्याचं तासांचं मीटर एकदा ९९९९पर्यंत जाऊन परत शून्यावर आलंय आणि पुन्हा चार आकडी झालंय. नांगराच्या रेघेलाही तास म्हणतात आणि घड्याळाच्या साठ मिनिटांनाही. ट्रॅक्टरवाल्याचा जन्म या दोन तासांचा हिशोब जुळवण्यातच जातो.

जुना ट्रॅक्टर विकत घेणारा माणूस धूर बघून, आवाज ऐकून अंदाज बांधतो. ज्याच्याकडे तो पहिल्या दिवसापासून आहे, त्याला अंदाज बांधावा लागत नाही. कुठला नट कधी उघडला, कुठली सील कुणी बसवली, गिअरबॉक्समधला तो बारीक सूं आवाज जन्मापासूनचा की गेल्या वर्षीचा, हे त्याला ठाऊक असतं. निदान असायला हवं. एवढी वर्षं एकच यंत्र सांभाळण्याचा सगळा फायदा या माहितीत आहे, आणि खालचं सगळं ती माहिती कशी जमवायची आणि कशी वापरायची याबद्दल आहे.

ट्रॅक्टर दारात येतो त्या दिवशी

इंजिन नंबर आणि चेसिस नंबर कागदावर असतातच, तरी ते प्रत्यक्ष धातूवर कुठे कोरलेत ते शोधा आणि फोटो काढा. पंधरा वर्षांनी त्यावर रंगाचे आणि ग्रीसचे थर बसले की सापडत नाहीत. चावीचा नंबर, पुढच्या-मागच्या टायरचं माप, फॅन बेल्टचा नंबर, बॅटरीचं माप, प्रत्येक फिल्टरचा नंबर असं सगळं एका पानावर उतरवून घ्या. पुढे एकाच मॉडेलमध्ये कंपनी अधूनमधून भाग बदलते. तुमच्या गाडीत नक्की कुठला बसवला होता, हे सांगणारं तेच पान.

विक्रेत्याकडून मिळणारी चालकाची पुस्तिका पुरत नाही. सुट्या भागांचा कॅटलॉग आणि वर्कशॉप मॅन्युअल त्याच वेळी मागून घ्या. मॉडेल बंद झालं की ही पुस्तकं आधी गायब होतात, भाग नंतर. आमच्या जुन्याचा कॅटलॉग आता कापडी चिकटपट्टीवर तग धरून आहे. पण प्रत्येक भागाचं उकललेलं चित्र त्यात आहे, त्यामुळे कुठला वायसर कुठल्या बाजूला यावर वाद होत नाही.

पहिले ५० तास

नवं इंजिन जपायचं म्हणून बरेच जण ते नुसतं हळू फिरवत ठेवतात. हे चुकीचं आहे. पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) एकमेकांना घासून बसायला सिलिंडरमध्ये दाब लागतो, आणि दाब लोड असल्याशिवाय येत नाही. रिकामं गुरगुरत ठेवलं तर लायनरच्या भिंतीवर काचेसारखी चकाकी येते, रिंगा बसत नाहीत आणि इंजिन जन्मभर ऑइल पितं. उलट पहिल्याच दिवशी खोल नांगरटीला जुंपून पूर्ण ताकद काढून घेणंही वाईटच. मध्यम काम द्या, लोड कमी-जास्त होऊ द्या, तासन् तास एकाच वेगावर ठेवू नका. कल्टिव्हेटर किंवा निम्मी भरलेली ट्रॉली या काळाला बरी.

चाकांचे नट पहिल्या तासाभरानंतर, मग १० तासांनी आणि पुढे रोज दोन-तीन दिवस आवळून बघा. नव्या रंगावर बसलेला नट रंग दबला की सैल होतो. पहिलं ऑइल पुस्तिकेत दिलेल्या तासांना (बहुधा ५०) बदला. निघालेलं ऑइल पांढऱ्या डब्यात घेऊन उन्हात बघा. चंदेरी झाक दिसली तर घाबरू नका, पहिल्या वेळी ती असतेच. दुसऱ्या वेळीही तेवढीच दिसली तर मात्र वॉरंटी संपायच्या आत बोला.

वही

हा या लेखाचा गाभा. अ‍ॅप वापरा, कॅलेंडरवर लिहा, काहीही करा. मला शंभर पानी वही आणि दोरीला बांधलेली पेन्सिल बरी वाटते, कारण ग्रीसच्या हाताला फोन ऐकत नाही. दर नोंदीत तारीख, मीटरचे तास आणि काय केलं हे तीनच रकाने. आमच्या वहीतली एक नोंद अशी:

«४२१२ तास. इंजिन ऑइल पाव लिटर टाकलं. मागचं ४११५ला. डाव्या ब्रेकचा पेडल उजव्यापेक्षा बोटभर खाली, सारखे केले. पुढच्या उजव्या हबला ग्रीस घेत नाही, निपल बदलायचा.»

यात सगळ्यात मोलाचं वाक्य आहे «मागचं ४११५ला». ऑइल किती टाकलं यापेक्षा किती तासांनी टाकावं लागलं ते महत्त्वाचं. शंभर-सव्वाशे तासांना पाव लिटर लागत असेल तर तो त्या इंजिनाचा स्वभाव. तेच अंतर चाळिसावर आलं की काहीतरी बदललंय.

मीटरबद्दल एक खोच. जुन्या ट्रॅक्टरचं मीटर केबलवर, इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतं. ठरावीक वेगालाच त्याचा तास घड्याळाच्या तासाएवढा असतो. इंजिन हळू फिरलं तर मीटरचा तास भरायला घड्याळाचा दीड-दोन तास लागतो. इलेक्ट्रॉनिक मीटर सरळ वेळ मोजतं. म्हणून दोन ट्रॅक्टरांच्या तासांची एकमेकांशी तुलना करू नका. केबल तुटली तर त्याच दिवशी बदला, नाहीतर वहीचा कणाच मोडतो.

सकाळची दहा मिनिटं

इंजिन सुरू करण्याआधी ट्रॅक्टरच्या खाली बघा. रात्रभर उभ्या गाडीखालचा डाग तिची तब्येत सांगतो: काळा असेल तर इंजिन ऑइल, पिवळसर-मधाळ असेल तर हायड्रॉलिकचं (अवजार उचलणाऱ्या यंत्रणेचं) किंवा गिअरचं, पातळ आणि उग्र वासाचा असेल तर डिझेल. कूलंटचा डाग रंगीत असतो आणि वाळला की पावडरीसारखी कड सोडतो. डाग नवा असेल तर तिथेच पुठ्ठा ठेवा. दुसऱ्या दिवशी नेमका थेंब कुठून पडतो ते कळेल.

मग डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी. ऑइल दुधाळ किंवा कॉफीच्या रंगाचं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, सुरू करू नका. पातळी अचानक वाढली असेल तर आनंद मानू नका, डिझेल उतरतंय. पंपाची किंवा इंजेक्टरची (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोंडाची) गळती बघा, ऑइल हुंगून बघा. रेडिएटरचं पाणी इंजिन थंड असतानाच उघडून बघायचं. वॉटर सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याच्या) तळाचा स्क्रू अर्धा फेरा उघडून चमचाभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या; पाणी असेल तर खाली वेगळं बसतं. संध्याकाळी टाकी भरून ठेवली तर हे पाणी कमी होतं, कारण रिकाम्या टाकीतल्या हवेतली वाफ रात्री गार पत्र्याला लागून थेंब होते.

सुरू केल्यावर पहिला धूर बघा. थंडीत क्षणभर पांढरा आला तर चालतं. गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर इंजेक्टर, टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) किंवा पाणी. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय. ऑइल प्रेशरचा दिवा काही सेकंदांत विझायला हवा, न विझल्यास तत्काळ बंद करा.

धूळ: इथे मी इंजिन गमावलं

अडीच लिटरचं इंजिन २००० फेऱ्यांवर मिनिटाला सुमारे २ हजार लिटर हवा ओढतं, म्हणजे तासाला लाखाच्या वर. रोटाव्हेटरच्या मागे उठणाऱ्या ढगातली हवा. त्यातली चिमूटभर बारीक माती रोज आत गेली तर ऑइलमध्ये मिसळून ती पॉलिश पेपरचं काम करते.

ऑइल बाथ एअर क्लीनर (वाटीतल्या ऑइलात धूळ अडकवणारा) असेल तर धुळीच्या दिवसांत रोज वाटी उतरवा. तळाशी गाळ साधारण १ सेंटीमीटर झाला की ऑइल फेका, वाटी डिझेलने धुवा, खुणेपर्यंतच नवं भरा. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं, कमी भरलं तर धूळ ओढतं. कागदी फिल्टर असेल तर उलट पथ्य: उगाच रोज काढू नका. काढताना-घालतानाच सीलच्या कडेने धूळ आत जाते. फिल्टर तुंबल्याचा इंडिकेटर लाल दाखवेल तेव्हाच काढा, आतून बाहेर हलक्या दाबाने हवा मारा, आपटू नका. आतला छोटा फिल्टर साफ करायचा नसतो, सरळ बदलायचा.

एवढं सगळं मी करत होतो, तरी जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन ४९०० तासांत उघडावं लागलं. एअर क्लीनरपासून मॅनिफोल्डपर्यंत (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीपर्यंत) जाणारा रबरी होज क्लॅम्पच्या खाली, पोटाच्या बाजूने चिरला होता. वरून बघितलं तर ठणठणीत. म्हणजे फिल्टर कितीही स्वच्छ ठेवला तरी इंजिन त्या चिरेतून श्वास घेत होतं. लायनर वरच्या बाजूला एवढे झिजले होते की नखाला पायरी लागायची. आणि चीड आणणारी गोष्ट पुढेच: वहीत सगळं होतं. पाव लिटरचं अंतर ९५, ७०, ४०, २२ तास असं एकाच हंगामात उतरत गेलं होतं. मी इमानदारीने लिहीत गेलो, मागचं पान उलटून एकदाही वाचलं नाही. तेव्हापासून दर ५० तासांना मागच्या चार नोंदी वाचायच्या आणि दर हंगामाआधी तो होज काढून हातात पिळून बघायचा, असा नियम केला.

ऑइल, डिझेल, पाणी, ग्रीस

ऑइल किती तासांनी बदलायचं ते पुस्तिका सांगते. जुन्या इंजिनांना अनेकदा २५० तास. वर्षभरात तेवढे तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा बदलाच. डिझेल फिल्टर बदलल्यावर डिझेलची लाईन हवा धरते. घाईत सेल्फ मारत बसून बॅटरी उतरवू नका: हॅण्ड प्रायमर (हाताचा छोटा पंप) मारत फिल्टरचा ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा), मग पंपाचा, शेवटी इंजेक्टरचे नट या क्रमाने हवा काढा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळा.

पाण्याचं थोडं समजून घ्या, कारण नुसतं साधं पाणी भरून वर्षानुवर्षं चालवणारे बरेच आहेत. बऱ्याच ट्रॅक्टरांत लायनर बाहेरून थेट पाण्यात असतो. प्रत्येक स्फोटाला तो कंप पावतो, त्याच्या पाठीवर सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि फुटताना धातूचे कण उडवतात. काही हजार तासांत लायनरला टाचणीएवढी भोकं पडतात आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. चांगल्या कूलंटमधली रसायनं धातूवर पातळ थर धरतात, तोच थर झीज सोसतो. तो थर देणारी रसायनं संपत जातात, म्हणून दिलेल्या मुदतीत, बहुधा दोन वर्षांनी, सगळं कूलंट बदला. पाणी मिसळायचं ते क्षाररहित. इंजिन उकळलं तर गार पाणी ओतू नका, हेडला (इंजिनाच्या वरच्या झाकणाला) तडा जातो.

ग्रीसबद्दल सांगण्यासारखं फार नाही. रोज किंवा १० तासांनी पुढच्या अ‍ॅक्सलची मधली पिन, किंगपिन, स्टेअरिंगचे सांधे. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. आधी निपल (ग्रीस भरायचं छोटं तोंड) पुसा, नाहीतर मातीच आत ढकलाल.

मागच्या हाउसिंगमध्ये (मागच्या चाकांमधल्या लोखंडी कवचात) अनेक ट्रॅक्टरांत गिअर, हायड्रॉलिक आणि ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक या तिघांना एकच ऑइल असतं. तिथे सांगितलेल्या प्रतीचंच भरा. भलतं ऑइल भरलं की ब्रेक दाबल्यावर कुरकुर येते; ती तक्रार ब्रेकची नसते, ऑइलची असते.

चालवण्याच्या सवयी

पाय क्लचवर ठेवून चालवणं ही एकच सवय मोडली तर क्लचप्लेटचं आयुष्य दुप्पट झालेलं मी पाहिलंय. हलक्या कामाला वरचा गिअर आणि कमी रेस ठेवा, डिझेल वाचतं. मात्र इंजिन धापा टाकून काळा धूर सोडायला लागलं तर तो कंजूसपणा झाला, खालचा गिअर टाका. टर्बोवालं इंजिन जड कामानंतर दोन-तीन मिनिटं सावकाश फिरू द्या आणि मग बंद करा. एकदम बंद केलं तर टर्बोच्या तापलेल्या बेअरिंगला ऑइल पोचत नाही आणि तिथलं तेल करपतं. पीटीओवरचं (ट्रॅक्टरच्या मागच्या, अवजार फिरवणाऱ्या शाफ्टवरचं) अवजार असेल तर मीटरवर मिनिटाला ५४० फेऱ्यांची खूण जिथे आहे तिथेच इंजिन ठेवा.

चाकांची घसरण मोजायला कुठलंही उपकरण लागत नाही. मागच्या टायरच्या बाजूला खडूने रेघ मारा. नांगर नेहमीच्या खोलीला लावून चाकाच्या बरोबर १० फेऱ्या होईपर्यंत चला. सुरुवातीला आणि शेवटी खुंटी ठोका. आता नांगर उचलून तेच अंतर चालवा आणि फेऱ्या मोजा. साडेआठ भरल्या तर घसरण १५ टक्के. शेतात १० ते १५ टक्के ठीक. त्याहून जास्त असेल तर टायर आणि डिझेल दोन्ही जळतात, मागे वजन वाढवा. फार कमी असेल तर उगाच लोखंड वाहताय, वजन काढा, नाहीतर ताण गिअरबॉक्सवर आणि फायनल ड्राइव्हवर (मागच्या चाकांजवळच्या शेवटच्या गिअरवर) जातो. टायरमध्ये पाणी भरताना वॉल्व्ह सगळ्यात वर घेऊन त्याच्या पातळीपर्यंतच भरा. टायर साधारण ७५ टक्के भरतो, उरलेली हवा उशीसारखी राहते. जिथे पाणी गोठतं तिथे नुसतं पाणी चालत नाही.

रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल कडीने जोडलेलेच हवेत. शेतात वळायला सोडलेली कडी लावायचं विसरणं म्हणजे वेगात एकाच चाकाला ब्रेक. मी स्टेअरिंगच्या मधोमध पिवळा रंग मारून ठेवलाय, दिसला की कडी आठवते.

एक जुना, एक नवा असेल तर

नवा आला की जुना कोपऱ्यात जातो आणि कोपऱ्यातच सडतो. सील वाळतात, क्लचप्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटते, टाकीत गाळ बसतो. जुन्याला ठरलेलं हलकं पण नियमित काम द्या. आमच्याकडे फवारणी आणि ट्रॉली त्याच्याकडे, नांगरट नव्याकडे. काम नसेल तर महिन्यातून एकदा नुसतं पाच मिनिटं गुरगुरवून बंद करू नका. त्याने वाफ आतच राहते. ओढकाम करत पुरता गरम होईपर्यंत फिरवा. मोठा मुक्काम असेल तर क्लच दाबलेल्या स्थितीत लाकडाच्या ठोकळ्याने अडकवा, अवजार जमिनीवर टेकवा आणि बॅटरीची अर्थची वायर आधी काढा. जोडताना तीच शेवटी.

सुटे भाग

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याने १९१९ साली कायदा केला: तिथे ट्रॅक्टर विकायचा तर आधी त्याची विद्यापीठाकडून चाचणी व्हायला हवी आणि सुट्या भागांचा साठाही राज्यात हवा. १९२०पासून तिथे चाचण्या सुरू आहेत. भाग न मिळणारा ट्रॅक्टर म्हणजे भंगार, हे शेतकऱ्यांना तेव्हाही माहीत होतं. दुसरं उदाहरण फर्ग्युसन टीई२०चं. इंग्लंडातल्या कोव्हेंट्रीत १९४६ ते १९५६ या काळात तो पाच लाखांच्या वर बनला आणि त्याचे भाग आजही मिळतात, कारण संख्या मोठी होती. म्हणून नवा घेतानाच खूप खपणारं मॉडेल घ्या, वेगळेपणाची हौस दुसरीकडे भागवा.

कंपन्या विकल्या जातात, एकमेकींत मिसळतात, नावं बदलतात. भागाचा नंबर मात्र माग लावून देतो. बेअरिंग आणि ऑइल सीलवर त्यांचं माप किंवा प्रमाणित नंबर छापलेला असतो, तोही उतरवून ठेवा. मग बेअरिंग बाजारात कुठूनही मिळतं. मॉडेल बंद होणार अशी कुणकुण लागली की हेड गॅस्केट, वॉटर पंप, क्लचप्लेट, लिफ्ट पंपाचा सील किट एवढं घेऊन ठेवा. रबराच्या वस्तू भरमसाठ साठवू नका, त्या खोक्यातही म्हाताऱ्या होतात.

इंजिन उघडायची वेळ आलीच तर आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. अर्ध्या वेळा दोष इंजेक्टरचा किंवा टॅपेटच्या गॅपचा (वॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतल्या फटीचा) निघतो. उघडल्यावर क्रँकशाफ्ट किती घासून बारीक केला, त्यामुळे बेअरिंग कुठल्या अंडरसाइझचे (मूळपेक्षा किती कमी मापाचे) घातले ते वहीत लाल पेनाने. पुढच्या कारागिराला हे कुणीच सांगू शकणार नाही.

एका बाबतीत मात्र जुन्याला जुना ठेवू नका. उलटल्यावर चालकाला वाचवणारी चौकट स्वीडनमध्ये १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरांना सक्तीची झाली होती, आमच्या १९८९च्यावर नव्हती. त्या मॉडेलसाठी चाचणी झालेली चौकट मिळते का ते शोधा, वेल्डिंगवाल्याकडून अंदाजाने बनवून घेऊ नका. चौकट असेल तर बेल्ट लावाच, चौकट नसताना लावू नका. पीटीओच्या शाफ्टचं फुटलेलं प्लास्टिकचं कव्हर पुढच्या हंगामावर ढकलू नका.

सोडायचा कधी

इंजिन गेलं म्हणून ट्रॅक्टर जात नाही, लायनर-पिस्टन बदलता येतात. मागच्या हाउसिंगला तडा गेला, क्राउन-पिनियन (मागच्या चाकांकडे ताकद वळवणारे गिअर) गेले आणि नवे मिळेनात, किंवा दर हंगामाच्या ऐन आठवड्यात तो दोन दिवस उभा राहायला लागला, तर हिशोब करा. हिशोब वहीवरूनच: गेल्या तीन वर्षांत किती दिवस उभा होता आणि का, ते मोजा. आमच्या जुन्याचे गेल्या तीन वर्षांतले चार दिवस निघाले, त्यातले दोन पंक्चरचे. कालची त्याची नोंद «टॉप लिंकची पिन अंडाकार झिजली, बदलायची» अशी आहे.